दाबाची राखण
छातीपासून पोटापर्यंत फुगलेली महाधमनी बदलून रुग्ण वाचतो, पण कधी कधी पाय गमावतो. शल्यचिकित्सक क्रॉफर्ड यांच्या गटाने १९९३ मध्ये १५०९ रुग्णांचा अनुभव मांडला, त्यात १६ टक्के रुग्णांच्या पायांतली ताकद पूर्ण किंवा अंशतः गेली होती. बराच काळ याचा सगळा दोष एकाच रक्तवाहिनीकडे जात असे: मज्जारज्जूला रक्त पुरवणारी ॲडमकिविझची धमनी. ती शोधा, नव्या नळीला जोडा, मज्जारज्जू वाचेल, असा हिशेब होता. भूलतज्ज्ञ म्हणून मला तो अपुरा वाटतो. काही रुग्ण शुद्धीवर येताच दोन्ही पाय हलवतात आणि रक्तदाब उतरल्यावर काही तासांनी, कधी काही दिवसांनी त्यांचे पाय लुळे पडतात. मधल्या काळात कोणी धमनी कापलेली नसते. बदललेला असतो तो दाब. शल्यचिकित्सक ग्रीप यांनी मांडलेली जाळ्याची कल्पना इथे पटते. मज्जारज्जूला रक्त अनेक वाटांनी पोचते, मुख्य पाट अडला तरी चाऱ्यांतून पाणी फिरते. पण जोर कमी पडला की टेलचे शेत आधी सुकते.

हा जोर म्हणजे सरासरी रक्तदाबातून मज्जारज्जूभोवतीच्या मज्जाद्रवाचा दाब वजा केल्यावर उरते ते. म्हणून कमरेतून बारीक नळी घालून द्रव काढायचा. १९९१ च्या चाचणीत द्रव काढण्यावर ५० मिलिलिटरची मर्यादा होती, फायदा दिसला नाही. २००२ मध्ये कोसेली यांच्या १४५ रुग्णांच्या चाचणीत द्रवाचा दाब पाऱ्याच्या १० मिलिमीटरच्या आसपास राखला, नळी शस्त्रक्रियेनंतरही दोन दिवस ठेवली. पायांची हानी १३ टक्क्यांवरून २.६ वर आली. रुग्ण थोडे होते हे खरे, पण दिशा स्पष्ट आहे.

मग धमन्या जोडणे व्यर्थ का? नाही. शस्त्रक्रियेदरम्यान मज्जारज्जूतून जाणारे विद्युतसंदेश मावळले, तर जोडलेली प्रत्येक वाट मोलाची. रक्तदाब चढा ठेवला तर टाके पाझरतील, हा आक्षेपही रास्त आहे. द्रव घाईने काढला तर मेंदूभोवती रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून तो तासागणिक मोजूनच काढावा. पण हे धोके दाबावर लक्ष ठेवण्याचीच कारणे आहेत. आयसीयूतल्या रात्रपाळीच्या कागदावर दोन आदेश ठळक हवेत: सरासरी रक्तदाब ८० च्या खाली जाऊ देऊ नका आणि दर तासाला पाय हलवून घ्या.