किल्ली कोणाकडे?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ईशान्य भागात, कॅनडाच्या सीमेला लागून, दहा लाख एकरांहून अधिक विस्ताराचा एक सरोवरांचा प्रदेश आहे. बाउंडरी वॉटर्स हे त्याचे प्रचलित नाव. हजारांहून अधिक तळी, खडकाळ किनारे, पाइन आणि बर्च वृक्षांची दाट अरण्ये असा हा मुलूख १९६४ च्या अरण्य-संरक्षण कायद्याने आणि पुढे १९७८ च्या स्वतंत्र कायद्याने जतन केलेला आहे. आत मोटार जात नाही, बहुतेक तळ्यांवर यंत्राची बोटही चालत नाही. प्रवास करावयाचा तो कनूने, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळत्या, वल्ह्याने चालविण्याच्या हलक्या नावेने. एक तळे संपले की नाव खांद्यावर घ्यावी, सामान पाठीवर टाकावे आणि जंगलातील पायवाटेने पुढच्या तळ्यापर्यंत चालावे. या वाटांना पोर्टेज म्हणतात आणि त्यांची लांबी आजही रॉड या जुन्या मापाने सांगतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ एका नावेएवढी लांबी. परवान्यावर एका गटात नऊपेक्षा अधिक माणसे चालत नाहीत. अन्नाचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या आत नेण्यास मनाई आहे, त्यामुळे आपल्याकडची मंडळी गेली तर लोणच्याची बरणी मोटारीतच राहते.

मोटार राहते ती अरण्याच्या कडेला, खडीच्या रस्त्याच्या शेवटी, झाडांत मोकळ्या केलेल्या जागेत. तेथे रखवालदार नसतो, दिवा नसतो आणि मोबाईलचा संपर्क बहुधा लागत नाही. प्रवासी चार-पाच दिवसांसाठी पाण्यावर निघून जातात. त्या चार-पाच दिवसांत खिशातील सर्वांत निरुपयोगी वस्तू कोणती, तर मोटारीची किल्ली. तिने तंबू उभा राहत नाही, चूल पेटत नाही. परतीच्या दिवशी मात्र हातात दुसरे काहीही असले आणि ती नसली, तर सारे व्यर्थ.

म्हणून अनुभवी मंडळींत या विषयाची चर्चा मोठ्या गांभीर्याने होते. कोणी किल्ली चाकाच्या वर ठेवतो, कोणी चुंबकाच्या डबीत घालून गाडीच्या खाली चिकटवितो, कोणी जवळच्या झाडाच्या मुळाशी दगडाखाली पुरतो. चाकाची जागा चोरालाही प्रथम सुचते, एवढेच तिच्याविषयी सांगावयाचे. दगडाची जागा पाच दिवसांनी, पाऊस पडून गेल्यावर, स्वतःलाच सापडत नाही. हल्लीच्या बिनदांड्याच्या किल्लीची अडचण आणखी वेगळी. ती सतत गाडीशी सूक्ष्म लहरींनी बोलत असते. अशी किल्ली गाडीच्याच अंगावर लपविली, तर पुष्कळ गाड्या मालक जवळच उभा आहे असे समजून मुठीला हात लावणाऱ्या कोणालाही दार उघडून देतात. म्हणून काही जण ती अॅल्युमिनियमच्या पातळ कागदात गुंडाळून ठेवतात. सर्वांत निर्धास्त मार्ग म्हणजे नाव व सामान भाड्याने देणाऱ्या दुकानात किल्ली जमा करणे. ईली या गावी अशी दुकाने पुष्कळ आहेत. त्यांतील अनेक दुकाने प्रवाशांची गाडी स्वतःच्या आवारात ठेवून त्यांना आपल्या वाहनाने तळ्यापर्यंत पोहोचवितात. पण ज्याची नाव स्वतःची, तो दुकानात कशाला जाईल?

मिनियापोलिसला राहणारा, मूळचा इचलकरंजीचा एक तरुण अभियंता काही वर्षांपूर्वी ऑगस्ट महिन्यात असाच स्वतःच्या नावा घेऊन निघाला. बरोबर त्याची पत्नी, एक पुणेकर मित्र आणि उन्हाळ्यात पाहुणे म्हणून आलेले त्याचे काका. काकांचे वय त्रेसष्ट. इचलकरंजीत त्यांची कापडाची पेढी. चाळीस वर्षे तिजोरीची किल्ली त्यांच्या कमरेच्या साखळीला. संध्याकाळी दुकान वाढविताना ती साखळी चाचपून "दिवाणजी, किल्ली माझ्याकडे" असे मोठ्याने म्हणण्याची त्यांची सवय पेठेत सर्वांना ठाऊक होती. दिवाणजींनी "होय शेठ" म्हटल्याशिवाय दुकानाचे शटर खाली येत नसे. बाहेरच्याला यात विनोद वाटे.

मोटारीच्या दोन किल्ल्यांपैकी एक घरीच, स्वयंपाकघरातील खणात राहिली होती. दुसरी पुतण्याच्या पॅंटच्या खिशात. पहिल्याच दिवशी एका पोर्टेजच्या तोंडाशी नाव किनाऱ्याला लावताना तो शेवाळलेल्या दगडावरून घसरला आणि कमरेपर्यंत पाण्यात गेला. कनूच्या प्रवासात माणूस पाण्यात पडतो तो बहुधा अशाच जागी. मधल्या तळ्यात वारा असतो, पण चढता-उतरताना तोल जातो. किल्ली भिजली. पत्नीने ती तत्परतेने घेतली, पुसली, उन्हात सुकविली आणि झिपच्या दोन पिशव्यांत घालून औषधांच्या थैलीत ठेवली. हे सर्वांसमक्ष झाले. पुतण्याने पाहिले, मित्राने पाहिले, काकांनीही पाहिले.

दुसऱ्या दिवशी औषधांची थैली चार-पाच वेळा उघडली गेली. डासांचे मलम, पायाच्या फोडांची पट्टी, काकांची रक्तदाबाची गोळी. प्रत्येक वेळी किल्ली हाताला लागे आणि प्रत्येक वेळी ती बाहेर पडेल अशी भीती सूनबाईंना वाटे. संध्याकाळी त्यांनी ती थैलीतून काढून स्वयंपाकाच्या सामानाच्या मोठ्या पिशवीत, आतल्या कप्प्यात, कडीला अडकवून ठेवली. जागा उत्तम होती. कडी पक्की, कप्पा कोरडा, पिशवी जाडजूड. त्या वेळी पुरुष मंडळी, अस्वलाचा उपद्रव नको म्हणून, अन्नाची थैली झाडाला उंच बांधण्यात गुंतली होती. सांगायचे राहून गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मित्र ओल्या खडकावर आपटला आणि त्याचे मनगट मोडले. हाड बाहेर आले नव्हते, पण सूज पाहता पाहता कोपरापर्यंत चढली आणि बोटे बधिर होऊ लागली. मोटारीपर्यंत तीन तळी आणि दोन पोर्टेज. चौघांनी तळ उठवून निघायचे तर तास-दीड तास जाणार होता. म्हणून पुतण्याने मित्राला पुढच्या बैठकीवर बसवून एकट्यानेच नाव वल्हवीत नेण्याचे ठरविले. काका आणि सूनबाई यांनी तळ आवरून दुसऱ्या नावेने सकाळी यावे, मित्राला रुग्णालयात सोडून पुतण्याने त्यांना घेण्यास परत यावे, असा बेत ठरला. निघताना पुतण्याने औषधांची थैली घेतली. तीत वेदनाशामक गोळ्या होत्या आणि, त्याच्या समजुतीप्रमाणे, किल्लीही होती.

ते मोटारीपाशी पोहोचले तेव्हा सूर्य मावळतीला आला होता. थैली तीन वेळा उलटी झाली. त्या क्षणाचे वर्णन करण्याचे कारण नाही. ज्याच्या दुकानाच्या दारात कधी किल्ली हरवली आहे, त्याला ते ठाऊक आहे.

पुतण्याने दगड उचलला होता. काच फोडता आली असती. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील बहुसंख्य गाड्यांप्रमाणे त्याच्याही गाडीच्या किल्लीत एक चिमुकली चिप होती आणि ती ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. काच फुटली असती, गाडी हलली नसती. त्याने दगड खाली ठेवला. सुदैवाने अर्ध्या तासाने आयोवातील चार जणांचा एक गट त्याच वाटेने बाहेर आला. त्यांच्या गाडीत, सामान मांडीवर घेतल्यास, एका माणसापुरती जागा होती. त्यांनी मित्राला पाऊण तासाच्या अंतरावरील ईलीच्या रुग्णालयात पोहोचविले. अनोळखी माणसे ती, नाव-गाव विचारण्यासही वेळ झाला नाही. पुतण्या रात्रभर स्वतःच्याच बंद गाडीला टेकून बसला, डासांनी सुजलेला. गाडीत पांघरूण होते, काचेतून दिसत होते.

सकाळी साडेनऊला दुसरी नाव किनाऱ्याला लागली. पुतण्याला एकटाच बसलेला पाहून सूनबाई थबकल्या, आणि मग त्यांचा हात आपोआप त्या मोठ्या पिशवीकडे गेला. त्या काही बोलू शकल्या नाहीत.

पुतण्या रागावला होता, थकलाही होता. काकांनी त्याला आधी पाणी दिले. मग सूनबाईंना म्हणाले, "किल्ली का हलवलीस ते मी विचारत नाही, चांगल्यासाठीच हलवलीस. हलवल्याचं कोणाला सांगितलंस, एवढंच सांग." आणि पुतण्याकडे वळून, "आणि अरे, तू निघताना ती विचारलीस का?" थोडे थांबून पुढे म्हणाले, "दोघांपेक्षा अधिक माझं चुकलं. चाळीस वर्षं रोज विचारलं, इथं पाहुणा म्हणून गप्प बसलो."

काकांचे हे शेवटचे वाक्य अनेक घरांना लागू पडावे. परदेशी मुलांकडे गेलेली वडीलधारी मंडळी गाडी, घर, यंत्रे सारे मुलांचे म्हणून तोंड मिटून राहतात. मुलांना कमीपणा वाटू नये ही त्यामागची भावना. पण ज्या गोष्टीत आयुष्य गेले, तीही मग पदरी बांधून ठेवली जाते.

या प्रसंगात निष्काळजी असे कोणीच नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पाणी, चोर आणि विसरभोळेपणा या तिन्ही शत्रूंचा बंदोबस्त झाला होता. किल्ली एका क्षणासाठीही हरवली नव्हती. ती अत्यंत सुरक्षित होती, फक्त मोटारीपासून तीन तळी दूर. व्यवहारात किल्ल्यांविषयीचे नियम याच अनुभवातून आले असावेत. बँकेची तिजोरी एका अधिकाऱ्याच्या किल्लीने उघडत नाही, दोघांच्या किल्ल्या लागतात. ताबा एकाकडून दुसऱ्याकडे गेला की रजिस्टरमध्ये नोंद होते आणि घेणारा व देणारा दोघेही सही करतात. चहा पिऊन येईपर्यंत ठेव, असे म्हणून किल्ली कोणाच्या हाती देत नाहीत. दुसरी जोड त्याच इमारतीत न ठेवता अन्य शाखेत ठेवतात आणि ठरावीक काळाने दोन्ही जोड्यांची अदलाबदल करतात. नवख्या कारकुनाला हे सारे कागदी सोपस्कार वाटतात. वस्तुतः रजिस्टरातील ती सही चोरापासून फारसे संरक्षण देत नाही. किल्ली आता कोठे आहे हे ठेवणाऱ्याखेरीज आणखी एका माणसाला माहीत असावे, एवढेच ती साधते.

नावेच्या प्रवासात रजिस्टर कोण नेणार? पण त्याची जागा घेणारी व्यवस्था फार अवघड नाही. लाइफ जॅकेटला आतून झिपचा खिसा आणि खिशात कडी असते. किल्ली जलरोधक पिशवीत घालून त्या कडीला अडकविली की नाव उलटली तरी ती माणसाबरोबर तरंगते. पिशवी वाहून जाऊ शकते, पोर्टेजवर दोन फेऱ्यांच्या मध्ये मागे राहू शकते. जॅकेट मात्र अंगावर असते. किल्लीला अडकविण्याचे बुचाचे तरंगते लोलक मिळतात, पण जड जुडगा त्यांनाही बुडवितो. तेव्हा घराची, कचेरीची, सायकलची अशा बाकी किल्ल्या घरीच ठेवाव्यात. दोन नावा असतील तर दोन किल्ल्या दोन नावांत. आणि संध्याकाळी चूल विझविताना एकदा उच्चार.

मित्राचे मनगट सहा आठवड्यांनी प्लॅस्टरमधून सुटले. बोटांत किंचित ताठरपणा पुढे बरेच महिने राहिला. तो उशिरामुळे की मूळ इजेमुळे, याविषयी त्या घरात कोणी बोलत नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा जाण्याचा बेत ठरला. काका तोवर इचलकरंजीला परतले होते. फोनवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो खणातल्या किल्लीचा. "घेणार आहोत बरोबर, काका," पुतण्या म्हणाला. "घेशील रे. पण तिनं गाडी चालवून पाहिलीस का कधी?" पुतण्या फोन हातात धरूनच गॅरेजमध्ये गेला. गाडीने दाद दिली नाही. चार वर्षे खणात पडून किल्लीतला नाण्याएवढा सेल संपला होता. पोटात दडविलेल्या पात्याने दार उघडले. किल्ली सुरू करण्याच्या बटणाला अगदी टेकवून धरल्यावर इंजिनही लागले, पण ही युक्ती पुस्तिकेत शोधायला त्याला वीस मिनिटे लागली. त्याच दिवशी नवा सेल बसला. त्या प्रवासात एक किल्ली सूनबाईंच्या जॅकेटमध्ये होती. दुसरी त्या मित्राने मागून घेतली, आणि त्याचा हक्क कोणी नाकारला नाही.