तीन महिन्यांचा पात्रांव

पेडण्याच्या बाजूला मी मास्तर होतो, तेव्हा त्या गावात तावेर्न एकच होते. शब्द पोर्तुगीज. १९६१ साली पोर्तुगीज गेले. शब्द आणि बाकडी मागे राहिली. मालक ख्रिस्ती, साठीच्या पुढचा. सारे गाव त्याला 'पात्रांव' म्हणे. पत्रादेवीच्या नाक्यापलीकडून, बांद्याहून, सावंतवाडीहून येणारी मंडळीही पात्रांवच म्हणत. महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्याने प्यायला परवाना लागतो. इथे पात्रांवाची ओळख पुरे होई.

पात्रांवाकडे माप नव्हते. काचेच्या जाड पेल्यावर एक रेघ होती, तिथवर तो फेणी ओती आणि वर 'घे रे' म्हणून चार थेंब टाकी. त्या चार थेंबांवर गाव खूश असे. उधारीची वही गल्ल्याखाली असायची. ती त्याने कुणापुढे उघडल्याचे मला आठवत नाही.

माझी सोय वेगळी होती. मास्तराने चारचौघांत बसून पिणे बरे दिसत नाही, म्हणून मला मागच्या पडवीत चहाच्या कपातून मिळे. गावाला हे ठाऊक होते, आणि ठाऊक नसल्यासारखे वागण्याइतके गाव प्रेमळ होते.

१९९४ च्या मार्चमध्ये पात्रांवाला शस्त्रक्रियेसाठी मुंबईला नेले. काजूचा हंगाम ऐन भरात होता. डोंगरावर बोंडे तुडवून काढलेला रस आंबत होता, भट्टीवर हुर्राक उतरत होता. पहिल्या उकळीचा हा हुर्राक हलका; तोच रसात मिसळून पुन्हा भट्टीवर चढवला की फेणी होते. अशा दिवसांत दुकान बंद ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून पात्रांवाच्या बायकोने साष्टीहून आपला भाचा बोलावला, तीन महिन्यांसाठी. तो बोटीवर बारमध्ये काम केलेला, पुढच्या कराराची वाट पाहत घरी बसलेला. गावाने त्याचे नाव 'बोटीवाला' ठेवले.

पहिल्याच दिवशी त्याने गल्ल्यावर साठ मिलिलीटरचे स्टीलचे माप ठेवले. दुसऱ्या दिवशी 'उधार बंद'ची पाटी लावली. रात्री ठरल्या वेळी तो दिवा मालवी. हातातला पत्त्यांचा डाव तसाच राही. आणि मला म्हणाला, "मास्तर, बसायचे तर समोर बसा. मागचे दार घरच्यांसाठी आहे." मी त्या दिवसापासून जायचे सोडले. कारण विचारणाऱ्यांना मी पित्ताचा त्रास सांगितला.

गंमत अशी की, एका संध्याकाळी कुणीतरी त्याचे माप पात्रांवाच्या जुन्या पेल्यात ओतून पाहिले. फेणी रेघेच्या बोटभर वर चढली. इतकी वर्षे चार थेंबांच्या मायेत आपण कमीच पीत होतो, हे दहा जणांनी डोळ्यांनी पाहिले. कुणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तक्रार बदलली, एवढेच: "मापून देतो म्हणजे काय? आम्ही काय चोर?"

सगळ्यात राग आला तो गवंड्याच्या प्रकरणाचा. गावातला हा एकटा गवंडी रोज संध्याकाळी यायचा. बोटीवाला त्याला दोन पेले देई. तिसऱ्याला, रोख पैसे पुढे केले तरी, मान हलवी. गवंडी हात जोडून उभा राही. गरीब माणसाचा असा अपमान! गाव पेटले. पात्रांवाला मुंबईला पत्र लिहायचे ठरले, आणि अक्षर चांगले म्हणून ते माझ्याकडे आले. मी मन लावून लिहिले. माप, पाटी, दिवा, शेवटी गवंडी. पडवीचा उल्लेख केला नाही. अकरा जणांनी सह्या केल्या, दोघांनी अंगठे उठवले. मी सही केली नाही. मास्तराने अशा कागदावर सही करणे बरे दिसत नाही.

डॉक्टरांनी महिनाभर आणखी राहायला सांगितले असतानाही पात्रांव मेमध्ये परतला. पत्र त्याच्या खिशात होते. त्याने ते भाच्याला दाखवले असावे, कारण ट्रंक घेऊन बसची वाट पाहणारा बोटीवाला मला पाहून हसला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचें अक्षर बरें आसा."

पंधरा दिवसांनी पात्रांवाने मला पडवीत बोलावले. भाच्याने हिशेब इंग्रजीत लिहिला होता, तो वाचून दाखवायला. नवी वही, पैशापैशाची नोंद. शेवटच्या पानावर गवंड्याचे नाव होते. खाली लिहिले होते की याची बायको मागच्या दाराने दोनदा येऊन रडून गेली आहे; ती आल्याचे कुणाला कळू नये; दोनपेक्षा जास्त देऊ नये.

त्या एप्रिलमध्ये गवंड्याच्या मुलाने डिसेंबरच्या सहलीचे थकलेले चाळीस रुपये आणून दिले होते. मी पावती फाडली होती. पैसे कुठून आले, हे मनातही आले नव्हते.

मी ते पान पात्रांवाला वाचून दाखवले. त्याने वही मिटली. "बरो भुरगो," एवढेच म्हणाला. समोर बाकड्यावर गवंडी बसला होता. पात्रांव उठला, जुना पेला घेतला, रेघेपर्यंत ओतला, वर चार थेंब टाकले. तो तिसरा होता की चौथा, मी मोजले नाही. माझा कप माझ्यापुढे आला होता.

२००९ साली गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. आता ती सुबक बाटल्यांतून मिळते, आणि बाटलीवर किती मिलिलीटर ते छापलेले असते. मी तो आकडा दर वेळी वाचतो.