इंजिनाचं उष्टं पाणी

पावसाळ्यात भुशीच्या पायऱ्यांवर माणूस मावत नाही. मुंबई-पुण्याची पोरं पायऱ्यांवरून येणाऱ्या पाण्यात बसतात, मक्याची कणसं खातात, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवतात. उडवू द्या. माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण हे धरण खेळायला बांधलेलं नव्हतं. जी.आय.पी. रेल्वेनं ते बांधलं ते इंजिनांसाठी. 1863 साली बोरघाटातून गाडी चालू झाली. घाट चढून इंजिन धापा टाकत लोणावळ्यात यायचं आणि आधी पाणी मागायचं. ते पाणी भुशीचं. स्टेशनात हत्तीच्या सोंडेसारखा लोखंडी नळ. सोंड फिरवली की इंजिनाच्या टाकीत बदाबदा पाणी.

या सोंडेची गोष्ट मला आजीनं सांगितली.

आमचं गाव मावळातलंच. नाव सांगत नाही. सांगून तरी काय, सगळ्या गावांची विहीर एकच असते. आमच्या बाया विहिरीपासून दहा पावलांवर मडकी मांडून बसायच्या. कुणाला दया आली तर तो वरून ओतायचा. नाही आली तर ऊन चढेपर्यंत बसायचं. वाढणाऱ्याचा हात आणि आपलं मडकं यांत वीतभर अंतर पाहिजे. पाणी हवेतून यायचं. अर्धं मडक्यात, अर्धं मातीत. मातीतलं अर्धं पाहून आजीचा जीव जळायचा.

बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. लोणावळ्यात सालाला दीडशे इंचांच्या वर पाऊस पडतो, तिथं पाण्याला कसलं दुर्भिक्ष! पण इथला डोंगर काळ्या कातळाचा. पाऊस पडतो आणि वाहून जातो. होळी झाली की ओढे कोरडे. मग गावात विहीर एक, नाहीतर दोन. आणि विहीर कुणाची हे विचारायचं कामच नाही.

आजी लग्न होऊन आली तेव्हा आजा लाइनीवर खडी टाकायला जायचा. त्याची भाकरी घेऊन ती स्टेशनापर्यंत चालत जायची. एकदा तिनं पाहिलं, इंजिन पाणी पिऊन गेलं तरी सोंडेतून धार गळतेच आहे. खाली खडीत जिरते आहे. आजूबाजूला कुणी नाही. तिनं डोक्यावरचं मडकं खाली ठेवलं, धारेखाली धरलं. गळ्यापर्यंत भरू दिलं. कुणी वाढलं नाही, कुणी हटकलं नाही. "आपल्या हातानं भरलेलं पयलं मडकं त्ये," आजी म्हणायची. मग रोजचंच झालं. भाकरी न्यायची, पाणी आणायचं. दोन कोसांची चाल. आळीतल्या बाया हसायच्या. म्हणायच्या, ही इंजिनाचं उष्टं पिती. आजी म्हणायची, "इंजान जात इचारत न्हाई."

1923 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडात चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. आमच्या घाटाखाली उतरून गेलं की कुलाबा जिल्हा, त्यातलंच महाड. बातमी गावात आली. विहीर मात्र जिथं होती तिथंच राहिली. आजीची आपली खेप चालू.

मग 1929 साली कल्याण-पुणे मार्गावर विजेची गाडी आली. धूर गेला, कोळसा गेला, सोंडेचं काम सरत गेलं. धार आटली. पुस्तकात याला प्रगती म्हणतात, आणि ती होतीच, मी नाही म्हणत नाही. आजीचं म्हणणं एवढंच, "इजंच्या इंजिनाला तहान न्हाई." ती पुन्हा विहिरीपासून दहा पावलांवर बसली.

विजेचं म्हणाल तर तीही मावळच्या पाण्याचीच कमाई. 8 फेब्रुवारी 1911 ला लोणावळ्यात गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्कच्या हातून टाटांच्या योजनेची कोनशिला बसली. लोणावळा, वळवण, शिरवता अशी तीन धरणं. इंद्रायणीचं पाणी पूर्वेला देहू-आळंदीला जायचं. ते वळवणला अडवलं आणि पश्चिमेला फिरवलं. कालव्यानं खंडाळ्यापर्यंत, तिथून नळांतून सतराशे फूट खाली खोपोलीला. चाकं फिरली. 1915 साली मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. तेच पाणी पुढं पाताळगंगेतून समुद्राला. पाण्याची दिशा बदलता येते. डोंगर फोडून बदलता येते!

आजाचा धाकटा भाऊ त्याच मुंबईत गिरणीत लागला. साच्यावर पगार बरा, पण विणखात्यात महाराला घेत नसत. कारण ऐका. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढून काढावा लागे. म्हणजे धागा उष्टा. उष्टा कुणाचा, हा प्रश्न. बाबासाहेबांनी 1928 च्या संपात हे गाऱ्हाणं उघड मांडलं, कामगार पुढाऱ्यांपुढंही मांडलं. मावळच्या पाण्यावर यंत्र चाललं, त्या यंत्राला मावळच्या महाराचं तोंड चाललं नाही. धाकटा आजा कांतणखात्यातच म्हातारा झाला.

मावळचं पाणी मावळात थांबत नाही हे दुसऱ्यांनाही कळलं. 9 ऑगस्ट 2011 ला पवनेच्या जलवाहिनीवरून बऊरला गोळीबार झाला, तीन शेतकरी मेले. पाणी पिंपरी-चिंचवडला चाललं होतं. त्या दिवशी मला आजीची मातीत सांडणारी अर्धी धार आठवली. दुःख सारखं नाही, पण पाणी तेच.

आता एक गोष्ट, जी मी फार जणांना सांगितलेली नाही.

आम्ही बौद्ध झालो होतो. मी कॉलेजात होतो, वाचत होतो, तावातावानं बोलत होतो. आजीला मळवलीला उतरवून भाज्याची लेणी दाखवायला नेलं. तिथं कातळात खोदलेल्या पोढ्या आहेत, म्हणजे पाण्याची टाकी. एकीवर ब्राह्मी लेख आहे. कोसिकीचा पुत्र विण्हुदत नावाच्या महारठीनं ती पोढी दान दिली, असं त्यात आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं पाण्याचं काम, भुशी आणि वळवण कालची पोरं. मी तिला समजावून सांगितलं, हे पाणी संघासाठी दिलेलं. आपलंच म्हण.

"कुनाला इचारायचं?" तिनं विचारलं.

"कुणालाच नाही. घे."

ती पुढं झाली नाही. पोढीपासून जरा लांब उकिडवी बसली आणि ओंजळ पुढं केली. खाली मान घालून. तीच बसायची रीत. मी ओरडलो. चारचौघांत ओरडलो, की अजून तुझ्या डोक्यातून विहीर जात नाही का, बाबासाहेबांनी काय सांगितलं! लेणी बघायला आलेले लोक वळून पाहायला लागले. ती काही बोलली नाही. ओंजळ तशीच धरलेली. हात थोडे कापत होते.

तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं, ती चढण चढून दमली होती. साठीच्या घरातली बाई. तहानली होती.

मी तांब्या पोढीत सोडला, भरला आणि तिच्या ओंजळीत ओतला. ओतताना माझा हात आपोआप वीतभर वर राहिला. तो मी खाली आणला. तिच्या बोटांना टेकवला.

ती पोटभर प्याली. पदरानं तोंड पुसलं.

"थंड हाय," म्हणाली. "इंजिनाच्या पान्याला लोखंडाचा वास यायचा. ह्याला न्हाई."