समुद्रातली वाटणी

2009 साली वडिलार्जित घराची वाटणी झाली. आम्ही दोघा भावांनी अंगणात भिंत घातली आणि बोलणेही तेथेच खुंटले.

परवा भूगोलाच्या बदली तासाला एका मुलाने विचारले, "सर, एकाच महासागरातले मोठे शिकारी मासे भक्ष्यासाठी भांडत नाहीत?"

मी सांगितले, पिवळ्या परांचा ट्यूना बहुधा वरच्या 100 मीटरांत शिकार करतो. मोठ्या डोळ्यांचा ट्यूना दिवसा 300 ते 500 मीटर खोल उतरतो आणि रात्री माकूल वर आले की त्यांच्यामागे वर येतो. तलवार मासा खोल, थंड काळोखातही डोळे व मेंदू उबदार ठेवून भक्ष्य हेरतो. हा त्यांचा समजूतदारपणा नव्हे, देहरचनेचा गुण. स्पर्धा तेथेही आहेच. मात्र भिंत नाही.

संध्याकाळी भिंतीपलीकडे हाक दिली, "बापू, चहाला येतोस?"

क्षणभराने कडी वाजली.