पाहिजे : व्यवस्थापक

२०२२ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. दहावीची परीक्षा देऊन मी मोकळा होतो. आई आमच्याच निवासी शाळेत स्वयंपाकाला. जुने व्यवस्थापक निवृत्त झालेले. कोठी, किराणा, वीजबिल, पगार, हिशेब असं सारं सांभाळणारा माणूस संस्थेला हवा होता. मुलाखतींच्या दिवशी चहा नेण्याचं काम माझ्याकडं आलं.

पहिले गृहस्थ बँकेतून निवृत्त. ताळेबंद, लेखापरीक्षण असं भराभर बोलले. सगळ्यांच्या माना डोलल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेल्या बोर्डिंगचंही नाव निघालं. तिथल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. ती रक्कम कुठल्या रकान्यात जमा धरली असेल, असं मला उगाच वाटून गेलं.

मग एक बाई आल्या. त्यांनी येतानाच कोठी पाहिली होती. बसल्या बसल्या उलट विचारलं, "अनुदान उशिरा येतं तेव्हा पैसे कुणाचे थांबतात? वाण्याचे की स्वयंपाकिणींचे?"

कुणी बोलेना. कपबशांचा ट्रे हातात धरून मीच म्हणालो, "स्वयंपाकिणींचे. तीन महिने झाले."

अध्यक्षांनी माझ्याकडं असं पाहिलं, की चहा बशीत सांडला. रात्री आई रागावली, "तुला कुणी विचारलं होतं?" तसं बाईंनी विचारलंच होतं, पण ते मला नव्हे.

नेमणूक बँकवाल्यांची झाली. आईचा थकलेला पगार दिवाळीला एकदम मिळाला. पासबुक भरून आणल्यावर तिनं ते माझ्यापुढं ठेवलं आणि काही न बोलता कणीक मळायला गेली.