पांढरी दोन

माळ्यावरून पेटी खाली आली तेव्हा आधी वास आला. डांबरगोळ्यांचा, जुन्या चामड्याचा आणि उंदरांचा. जालन्यातल्या त्या घरात रंगकाम निघालं होतं, माळा रिकामा करायचा होता आणि सून विचारत होती, बाबा, हे ठेवायचं की भंगारात द्यायचं? त्याने उत्तर दिलं नाही. फडक्याने धूळ पुसली, भात्याची कडी काढली, हवा भरली आणि एक पट्टी दाबली. पांढरी दोन. ती आधी खोकली, मग तिने सूर धरला.

नातवाच्या फोनवर तेव्हा माइल्स डेव्हिसचं ‘काइंड ऑफ ब्लू’ लागलेलं होतं. रविवारी सकाळी आजोबांच्या खोलीत दुसरं काही लागत नाही, हे नातवाने निमूट मान्य केलेलं आहे. पहिलीच रचना, ‘सो व्हॉट’. पेटीचा सूर फोनमधल्या सुरात असा विरघळला की पेटी वाजते आहे की नुसता भाता हलतो आहे ते कळेना. त्याचा हात थांबला. नातू म्हणाला, “लागला की!” लागला, हे खरं. पण १९७८ साली हाच सूर याच पेटीला लागला नव्हता, आणि त्यावरून तो काकांना एक वाक्य बोलून गेला होता.

त्याचं आयुष्य मोंढ्यातल्या अडत दुकानात खतावण्या लिहिण्यात गेलं. तूर, ज्वारी, सरकी. असा माणूस जॅझकडे कसा वळला, असं कोणी विचारलं की तो दोन कारणं सांगतो. एक, १९५१चा ‘अलबेला’ हा सिनेमा. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, त्यात पडद्यावरच एक बँड उभा केला होता. ट्रम्पेट फुंकणारा हसरा माणूस गोव्यातल्या अल्दोन्याचा आंतोनियो शाव्हियर वाझ, अर्थात चिक चॉकलेट. मुंबईच्या हॉटेलांत त्याला लोक लुई आर्मस्ट्राँगच्या जातीचा मानत. हे सगळं त्याला पुष्कळ उशिरा कळलं. लहानपणी एवढंच जाणवलं की भगवानदादांच्या पायांपेक्षा मागचा तो वाजवणारा जास्त मजा करतो आहे.

दुसरं कारण बाहत्तरचा दुष्काळ. दिवसभर घरात खडीच्या कामांची, सुकडीची आणि विहिरींच्या तळाची चर्चा. रात्री सगळे निजले की तो शॉर्टवेव्हचा काटा हळूहळू सरकवत बसायचा. सिलोनच्या पलीकडे एके ठिकाणी एक जाड, संथ आवाज सापडला. व्हॉइस ऑफ अमेरिकेचा विलिस कॉनोवर. १९५५पासून तो रोज जगाला जॅझ ऐकवत होता, आणि ज्यांचं इंग्रजी बेताचं त्यांनाही कळावं म्हणून शब्द एकेक करून, मोजून बोलत होता. खतावणी लिहिल्यासारखं. आवाज लाटेसारखा यायचा आणि ऐन सुरावटीत ओसरायचा. अर्धी रचना मनानेच पुरी करायची. त्याला अजून वाटतं की जॅझची खरी तालीम त्या खरखरीनेच दिली.

१९७८मध्ये मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली. जालना तेव्हा जिल्हासुद्धा नव्हता. तो झाला १ मे १९८१ला. मीटरगेजच्या गाडीने मनमाड, तिथे गाडी बदलून मुंबई, आणि चुलतभावाच्या खोलीवर मुक्काम. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात, उघड्या आभाळाखाली, सनी रॉलिन्सचा सॅक्सोफोन ऐकला. साठच्या दशकाच्या अखेरीस हाच रॉलिन्स पवईच्या आश्रमात राहून गेला होता. हे कळल्यावर त्याला उगाच वाटलं, हा तर आपल्याकडचाच. परतताना फुटपाथवरच्या एका विक्रेत्याकडून, चुलतभावाकडून उसने घेतलेले पैसे मोजून, त्याने ‘काइंड ऑफ ब्लू’ची एक वापरलेली अमेरिकन तबकडी घेतली. ती गोधडीच्या दोन घड्यांमध्ये ठेवून, कोणी पाय देईल या भीतीने रात्रभर जागत जालन्याला आणली.

घरी काका होते. भजनी मंडळात पेटी वाजवायचे, दत्तजयंतीला एसटी धरून अंबडच्या संगीत महोत्सवाला जायचे आणि परतल्यावर चार दिवस कोणाशी धड बोलायचे नाहीत, नुसते गुणगुणायचे. त्यांनी जॅझ हा शब्दही ऐकलेला नव्हता. तबकडी लागली. सुरुवातीची रेंगाळती सुरावट संपून बास बोलायला लागला आणि बाकीचे त्याला दोन-दोन सुरांत होकार द्यायला लागले, तेव्हा काका म्हणाले, “टाळकरी धरतात की रे!” मग बोटांवर तीनताल मोजत बसले. थोड्या वेळाने त्यांनी निकाल दिला: चार आवर्तनं एका ठिकाणी, मग दोन आवर्तनं सगळंच अर्ध्या सुराने वर, पुन्हा दोन आवर्तनं घरी. आणि सूर काफीचे. गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध.

हे तंतोतंत बरोबर होतं. जाणकार याला बत्तीस मापांचा साचा आणि डोरियन मोड म्हणतात. काकांना ते एका बैठकीत, शेंगा सोलता सोलता समजलं.

मग त्यांनी पेटी ओढली. पांढरी दोन दाबली आणि कपाळाला आठी पडली. सूर जवळ येत होता, लागत नव्हता. दोघांच्या घासण्यातून एक लहर उठत होती, वांव-वांव अशी. “पांढरी दोनच्या वर, काळी दोनच्या बरंच खाली,” ते म्हणाले. “तबकडी चढलीये.” त्याने सांगितलं, आपलं मशीन जोरात फिरत असेल, नाहीतर व्होल्टेज असेल. काकांनी तबकडी उलटी करायला लावली. दुसरी बाजू पेटीला बरोबर लागली. “मशीन तेच, वीज तीच, पेटी तीच. मग पहिलीच बाजू कामून चढली?”

एकवीस वर्षांच्या पोराला तेव्हा काय वाटलं असेल ते समजू शकतं. उसन्या पैशांची तबकडी, न्यूयॉर्कचं रेकॉर्डिंग, जगातले सात नामांकित वादक; आणि चूक काढणारे कोण, तर भजनातले काका. तो म्हणाला, “तुमच्या पेटीला तर रेडिओवरसुद्धा बंदी होती.”

काकांनी भाता मिटला, कडी लावली.

इथे थोडा इतिहास मध्ये येऊ द्यायला हवा, कारण त्याशिवाय ते वाक्य किती खोल गेलं ते कळणार नाही. १ मार्च १९४०पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियम बंद केली. रेडिओचे त्या वेळचे प्रमुख लायोनेल फील्डन. पाश्चात्य संगीत विभागातले जॉन फाउल्ड्स यांनी त्याआधीच पेटीविरुद्ध लेख लिहिला होता. रवींद्रनाथांनाही ती नको होती. आक्षेप असा की पेटीचे सूर ठोकून बसवलेले. तिला मींड नाही, श्रुती नाहीत, आणि तिच्या नादाने गवयांचे कान बिघडतात. ज्या महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांसारख्या माणसाने या वाद्यावर मैफली रंगवल्या, तिथेही रेडिओपुरती ती अस्पृश्य ठरली. बंदी सैल झाली ती १९७१ साली. तीस वर्षं पेटीवाले हे वर्म घेऊन वावरले. शिवाय अंबडच्या परिसरात पेटीला मान फार; पंडित गोविंदराव जळगावकर तिथलेच.

बेसूर म्हणून हाकलल्या गेलेल्या या वाद्याने नेमकं काय पकडलं होतं, ते त्याला वीस वर्षांनी समजलं. १९९८च्या सुमारास मुंबईत ‘ऱ्हिदम हाउस’मध्ये त्याने नवी सीडी घेतली आणि गाडीत माहितीपत्रक वाचलं. ‘काइंड ऑफ ब्लू’चं ध्वनिमुद्रण दोन दिवसांत झालं, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. जागा न्यूयॉर्कमधला तिसाव्या रस्त्यावरचा कोलंबियाचा स्टुडिओ, मूळचं चर्च. २ मार्चला मुख्य टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर घेतलेलं गाणं नेहमीच्या वेगाने वाजवलं की जलद होतं आणि चढतं. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना त्या दिवसाच्या, दुसऱ्या बाजूच्या दोन्ही एप्रिलच्या. चढ अगदी थोडा, अर्ध्या सुराहून पुष्कळ कमी. ३३ वर्षं तबकड्या त्याच टेपवरून निघाल्या. त्या दिवशी शेजारी दुसरं यंत्रही चालू होतं आणि त्याचा वेग बरोबर होता. १९९२ साली त्या टेपवरून चूक दुरुस्त करण्यात आली.

काका १९९४ साली गेले होते.

ही गोष्ट त्याने मित्रांना सांगितली नाही. मित्र दोन. त्याच्या माहितीत जालन्यात जॅझ ऐकणारे तिघंच: तो, लोखंडाच्या भट्टीवर हयात घालवलेला एक, आणि शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला एक. भट्टीवाल्याला तंतुवाद्यं नकोत, त्याला पितळ पाहिजे. मास्तरांना फक्त पियानो. रविवारी तिघं जमतात आणि पुढे काय घ्यायचं यावर भांडतात, पैसे मात्र तिघांचे मिळून एका तबकडीपुरतेच असतात. भट्टीवाला दोन वर्षं चिक चॉकलेटच्या एका जुन्या लाखेच्या तबकडीच्या मागे आहे. मास्तरांचा हट्ट ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पहिल्या छपाईचा. लेबलावर सहा डोळे असलेली, मोनो असेल तर सीएल १३५५, स्टिरिओ असेल तर सीएस ८१६३. सुरुवातीच्या काही प्रतींवर तर दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावं उलटसुलट पडलेली. चुका जितक्या जास्त तितकी किंमत जास्त, हा संग्राहकांचा हिशेब मोंढ्यात कोणाला पटायचा नाही.

त्या रविवारी ते दोघं आले तेव्हा पेटी मधोमध मांडलेली होती. मग सांगावंच लागलं, त्या वाक्यासकट. भट्टीवाला काही बोलला नाही. मास्तर मात्र वेगळ्याच मुद्द्यावर घसरले. म्हणाले, दुरुस्त केलेली आवृत्ती त्यांना झोपाळू वाटते. चाळीस वर्षं जी चढी ऐकली तीच कानाला खरी. कोणती खरी, यावर अर्धा तास गेला. तालवादक जिमी कॉब २०२० साली गेला, त्या सातांतला तो शेवटचा. आता विचारायचं तरी कोणाला, यावर दोघांचं एकमत झालं, आणि चहा आला.

पेटी दुरुस्त करणारा मंगळवारी येऊन गेला. भात्याला नवं चामडं लागेल, चार सूर बदलावे लागतील, म्हणाला. फोनवरचं कसलंसं अॅप लावून एकेक पट्टी तपासत गेला आणि उरलेले सूरही मापात आणून देतो म्हणाला. पांढरी दोनला हात लावू नको, असं त्याला सांगण्यात आलं. कारण त्याने विचारलं नाही.

पुढच्या रविवारी त्याने कपाटातून जुनी तबकडी काढली. कव्हरची कड फाटलेली, पहिल्या बाजूवर एक ओरखडा, दर फेरीला टिक करणारा. मास्तरांनी सुई टेकवली. चामडं अजून बसलेलं नव्हतं, गळका भाता जोरजोरात मारावा लागत होता, हवा फुसफुसत बाहेर जात होती. बास बोलायला लागला, टाळकऱ्यांनी धरलं. त्याने पांढरी दोन दाबून ठेवली. वांव-वांव. भट्टीवाला पुढे झुकला आणि म्हणाला, “परत लाव, मला नीट ऐकू आलं नाही.”