दहा दिवसांची वाट

आमचे घर सीताबर्डीवर, मेन रोडच्या मागल्या गल्लीत. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. पण गच्चीवर गेले की किल्ल्याची टेकडी दिसते. १८१७ च्या नोव्हेंबरात या टेकडीवर भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज यांची लढाई झाली, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. आज किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे आणि सामान्य माणसाला तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट असा वर्षातून तीनच दिवस पाहता येतो. लहानपणी मी बाबांना विचारी, "बाबा, आपल्या घराजवळचा डोंगर आपल्यालाच बंद का?" त्यावर बाबांचे उत्तर ठरलेले असे, "बंद कायचा? तीन दिवस उघडा रायते ना! ज्याले जायचं तो तीन दिवसांत जाते."

या उत्तराचा अर्थ कळायला मला बी. ए. च्या दुसऱ्या वर्षापर्यंत थांबावे लागले.

माझे बाबा मेन रोडजवळ बॅगा दुरुस्त करतात. तुटलेली चेन, निसटलेला रनर, उसवलेला पट्टा, मोडलेला खटका हे त्यांचे जग. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की त्यांना मान वर करायला सवड नसते. तरीही नागपंचमी जवळ आली की त्यांचे दुकान चार दिवस बंद म्हणजे बंद! गिऱ्हाईक ओरडो, आई रागावो, बाबा नागद्वारला निघतात. एकवीस वर्षांत फक्त करोनाच्या काळात यात्राच भरली नाही, तेव्हा ते घरी राहिले आणि चार दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. नागद्वार हे पचमढीजवळचे ठिकाण. पचमढी आज मध्य प्रदेशात आहे. पण नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी असताना उन्हाळ्यात सारे सरकारच तिथे जाऊन बसत असे. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्र झाला. सरहद्द बदलली, वैदर्भीयांच्या पायांना मात्र ती कुणी सांगितली नाही! ते महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडावर जातात आणि श्रावणाच्या तोंडाशी नागद्वारला. गणेशपेठच्या स्थानकावरून जादा गाड्या सुटतात. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली अशी गावे मागे टाकत गाडी घाट चढते. पुढे जीपने काही अंतर, आणि मग पायी. जळगली, काळाझाड, काजरी, पद्मशेष ही त्या वाटेवरची नावे बाबा झोपेतही सांगतील.

ही वाट सातपुडा राष्ट्रीय उद्यानातून जाते. त्याच डोंगररांगेतले बोरीचे जंगल १८६५ साली राखीव झाले. देशातल्या पहिल्या राखीव जंगलांत त्याची गणना होते. राष्ट्रीय उद्यान १९८१ साली झाले, पुढे व्याघ्र प्रकल्प आला. पावसाळ्यात, १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत, गाभ्यातल्या जंगलात पर्यटकांच्या गाड्यांना बंदी असते. गंमत अशी की, नेमक्या याच दिवसांत, नागपंचमीच्या आधीचे साधारण दहा दिवस, ही पायवाट यात्रेकरूंसाठी उघडली जाते. उरलेले वर्षभर ती जनावरांची.

आता माझ्याविषयी. मी स्वतःला मोठी निसर्गप्रेमी समजत असे. पेंचला एकदा जिप्सीत बसून जाऊन आले होते. गाडीतून पाय खाली टाकायचा नाही, मोठ्याने बोलायचे नाही, हे सारे मला फार आवडले होते. ग्रंथालयात कॅप्टन फोर्सिथ यांचे मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरचे १८७१ साली निघालेले पुस्तक चाळले होते. अमेरिकेतल्या अॅपलाचियन पायवाटेविषयी आमच्या एका प्राध्यापकांनी सांगितले होते. जॉर्जियापासून मेनपर्यंत सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची ती वाट १९३७ साली पुरी झाली आणि आजही स्वयंसेवक फावडी-कुऱ्हाडी घेऊन तिची निगा राखतात. जाताना नेलेली प्रत्येक वस्तू येताना परत आणायची, हा तिथला शिरस्ता. ते ऐकून मी भारावून गेले होते. आणि बाबांची यात्रा? ती म्हणजे गर्दी, गोंगाट आणि नारळ! एकाच जंगलाकडे जाणाऱ्या या दोन वाटा आहेत, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

२०२४ साली बाबांचा गुडघा दुखू लागला. आई म्हणाली, "तू जा त्यांच्यासंगं." मी गेले. खरे सांगायचे तर, जंगल फुकटात पाहायला मिळेल हा हेतू अधिक.

जंगल मात्र पाहायला मिळाले! साग संपून साल कुठे सुरू झाला हे कळूच नये अशी झाडी. नेच्यांनी झाकलेले खडक. ढग इतके खाली की पुढच्या माणसाची पाठ दिसेना. मध्येच कुठे लोखंडी शिडी, हाताला ओले गार लागणारे दांडे. एका उंच झाडावर शेकरू दिसले आणि मी थांबले, तर मागची एक आजी म्हणाली, "थांबू नको माय, पाय अकडन." तिच्या पायात चप्पल नव्हती. आमच्या तुकडीत सगळे एकमेकांना 'भगत' म्हणत. डॉक्टर असो की रिक्षावाला, नाव तेच. दर वळणावर कुठल्या ना कुठल्या मंडळाचा तंबू, आणि आत चहा, खिचडी, पोहे. पैसे कुणी मागत नाही.

बाबांच्या मंडळाचा चहा काजरीजवळ असे. भर पावसात, ताडपत्रीखाली, बाबा रात्रभर किटलीजवळ उभे होते. दुखरा गुडघा त्यांनी चिंधीने बांधला होता. पहाटे थोडे उजाडले तशी मी तंबूच्या मागे गेले आणि पाहतच राहिले. खाली उतारावर पेले. पांढरे पेले. गवतात, झुडपात, नेच्यांच्या मुळांशी, ओहोळाच्या पाण्यात. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या पेल्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, हे मी परीक्षेत लिहून आले होते. यांतले काही तसलेच होते, बाकीचे कागदी. पण कागदी पेल्यालाही आतून प्लास्टिकचा थर असतोच.

मी तंबूत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, हे पुण्य की पाप? देवाच्या दारात उकिरडा करता तुम्ही, आणि त्याला सेवा म्हणता!"

कुणीतरी हसले. कुणीतरी म्हणाले, "शिकलेली पोरगी आहे, भगत." बाबांनी किटली खाली ठेवली. रागावले नाहीत. एवढेच विचारले, "रातभर किती खेप चहा पेली तू?"

"तीनदा," मी म्हणाले.

"कायच्यात पेली?"

मी काही बोलले नाही. माझे तीन पेले त्याच उतारावर होते. अंधारात हात लांबवून मीच ते टाकले होते. कुठे पडले ते पाहिलेही नव्हते.

मित्रहो, त्या क्षणी मला जी शरम वाटली ती खरी होती. पण तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही. माझा मुद्दा चुकीचा नव्हता. चुकले ते एवढेच की, एकवीस वर्षांच्या त्यांच्या श्रमाला मी चार माणसांत उकिरडा म्हणाले, आणि म्हणताना स्वतःला त्या उतारावरून वगळले. परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसले. नागपूरपर्यंत आमच्यात एक शब्द झाला नाही. घरी आल्यावर बोलणे सुरू झाले. पण ते जेवण, लाईट बिल आणि दुकानाची किल्ली एवढ्यापुरतेच. यात्रेचे नाव निघेना. दिवाळी गेली, संक्रांत गेली. आई म्हणे, "काय झालं तुमच्या बाप-लेकीचं?" दोघेही म्हणत असू, "काही नाही."

परीक्षा आटोपल्यावर मेमध्ये एका दुपारी मी डबा घेऊन दुकानात गेले. बाबांनी जेवता जेवता विचारले, "आपल्या घरच्या स्टीलच्या गिलासाचं माप काय हाय?"

"कशाला?"

"घेऊन ये एक."

मी ग्लास आणून दिला. त्यांनी जुन्या दप्तराच्या कॅनव्हासचा तुकडा त्याभोवती गुंडाळला, खडूने खूण केली, शिवणयंत्रावर घातला. दहा मिनिटांत एक पिशवी तयार झाली. वर तुटक्या बॅगेचा पट्टा आणि खटका. कमरेला बांधून पाहिली आणि म्हणाले, "चालताना आपटत नाई." मग कोपऱ्यातली साखरेची रिकामी पोती दाखवली. त्यांना त्यांनी शाळेच्या दप्तरांचे दोन-दोन रुंद पट्टे शिवले होते, पाठीवर घेता येतील असे. "कचरा हातात धरून शिडी उतरता येत नाई," ते म्हणाले. "दोनी हात मोकळे पायजे."

मी वर्षभर त्या प्रश्नावर बोलण्यासाठी शब्द शोधत होते. बाबा तोवर पट्टे शोधत होते!

मंडळात विरोध झालाच. एक म्हणाले, रांग थांबेल. दुसरे म्हणाले, ग्लास धुवायला पाणी कोण आणेल? ओहोळ तंबूपासून बराच खाली आहे. यावर बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "मी आणीन."

२०२५ च्या यात्रेत मी पाणी आणले. दोन दिवस तेवढेच केले. निसरड्या उतारावरून बादली भरून वर यायचे, रिकामी करायची, पुन्हा खाली. ज्याच्याजवळ स्वतःचे भांडे त्याला आधी चहा. नसेल त्याला स्टीलचा ग्लास, जाताना परत करायचा. रांग थांबली. लोक वैतागले. एक गृहस्थ "चहा नको आणि तुमचा उपदेशही नको" म्हणून पुढच्या तंबूकडे गेले, आणि तिथे त्यांना हवा तसला पेला मिळाला. पुष्कळ ग्लास हरवले. त्या वर्षी मला पद्मशेषपर्यंत जाताही आले नाही. पण वाटेत भेटलेल्या एका आजीने पिशवी कमरेला बांधून पाहिली आणि विचारले, "भगत, हे विकत देता का?" बाबांनी ती तिला तशीच देऊन टाकली.

शेवटच्या दिवशी आम्ही अकरा पोती भरली. त्यात आमचे पेले थोडे, इतरांचे आणि मागल्या वर्षांचेच जास्त. काही पेल्यांमध्ये माती साचून त्यात नेचा उगवला होता. ते उपटताना मन धजेना, पण उपटले. बाबांच्या पाठीवर पोते द्यायला मी नको म्हणत होते. ते म्हणाले, "वर नेताना मीच नेले ना?" आणि दुखऱ्या गुडघ्याने शिडी उतरले. खाली एका वनरक्षकाने पोती पाहिली आणि म्हणाला, "अच्छा किया. नहीं तो बाद में हम ही बीनते हैं." त्याच्या बोलण्यात कौतुक होते की कंटाळा, ते मला कळले नाही. दोन्ही असावे.

एका तंबूने अकरा पोती आणली म्हणून जंगल स्वच्छ झाले, असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. उतारावर अजून पुष्कळ शिल्लक आहे, आणि त्यात माझे ते तीन पेले आहेत की नाहीत हे मला कधीच कळणार नाही. पण जंगलावर प्रेम करणारे आणि जंगलात देव पाहणारे यांच्यात मी जी भिंत उभी केली होती, ती मात्र पडली. गाडीतून न उतरता जंगल पाहणाऱ्याला जंगलाचे काही उचलावे लागत नाही. पायी जाणाऱ्याला उचलावे लागते. आणि उचलायला तो तयार असेल तरच दहा दिवसांची ही उघडी वाट त्याने मागावी. बाबांच्या त्या जुन्या उत्तरात हेच होते, असे आता वाटते. डोंगर बंद नसतो. तो थोडे दिवस उघडा असतो, आणि तेवढ्या दिवसांत आपण कसे वागतो यावर पुढल्या वर्षीचे दार अवलंबून असते.

सध्या बाबांच्या दुकानात शिवणयंत्रामागे एका खिळ्याला अशा चाळीसेक पिशव्या टांगल्या आहेत. आपल्यापैकी कुणाला येत्या नागपंचमीला आमच्यासोबत यायचे असेल तर जरूर यावे. पिशवी बाबा देतील, पाणी मी आणीन. ग्लास तेवढा घरून आणावा.